चारशे सतरा नंबरची ओळ

५ फेब्रुवारी, सोमवार

धर्माजी काकांनी सांगितलं म्हणून ही वही. "रोज कुठली कमांड मारलीस, का मारलीस आणि काय चुकलं, ते संध्याकाळी लिहून काढायचं. लिहिणार नसशील तर माझ्याकडे येऊ नको." मी म्हटलं लिहीन. पण नुसत्या कमांडी लिहून काय करू, बाकीचंही लिहिणार.

तारापूरच्या केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला लागून मला सात महिने झाले. कामगारांची हजेरी माझ्याकडे. गेटवर अंगठा लावायची दोन यंत्रं आहेत, त्यांच्या नोंदी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात येतात. तो लिनक्सवाला. माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. आधीचा माणूस सोडून गेला आणि कुंदन सर, म्हणजे आमचे मॅनेजर, म्हणाले, "जागृती, एका महिन्यात प्रोग्राम बनव. कोण आत, कोण बाहेर, यादी लगेच निघाली पाहिजे." डिप्लोमाला मी प्रोग्रामिंग पाठ करून पास झाले होते. दोन दिवस पडद्याकडे बघत बसले, तिसऱ्या दिवशी काकांचं दुकान गाठलं.

बोईसरला नवापूर रस्त्याला त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजची मुलं प्रोजेक्ट घेऊन तिथेच जातात. काकांनी तीस वर्षं कारखान्यांतली यंत्रं सांभाळली. डाव्या हाताला तीन बोटं आहेत, दोन पंपाने खाल्ली. उत्तर कधी सांगत नाहीत. प्रत्येक कमांडची माहिती त्या कॉम्प्युटरातच असते, 'मॅन' लिहिलं की उघडते. मी काही विचारलं की एकच, "आधी मॅन वाच."

आज गेटवर सकाळी रांग अडकली. सुका म्हणून कंत्राटी कामगार आहे, रिॲक्टरवर, म्हणजे रसायनं तापवायच्या मोठ्या टाकीवर, पिंप रिकामी करतो. ॲसिडने त्याच्या अंगठ्याची कातडी गेलीय, यंत्र अंगठा घेतच नाही. तीनदा, चारदा लावला. मागून त्यांच्यावरचा भावेश आला आणि हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. रक्त यंत्रावर उडालं. सुकाने शर्टाच्या बाहीने आधी यंत्र पुसलं, मग तोंड.

भावेशला मी नंतर बोलले. तो म्हणाला, "शंभर माणसं सांभाळायची असतात गं, एकाने रांग अडवली की वरून मला शिव्या." तोही खरं तर दमतो. कंत्राटदाराचा सुपरवायझर म्हणजे दोन्हीकडून मार. मेमध्ये आमचं लग्न आहे, तोवर ही नोकरी बदल म्हणून सांगणार आहे त्याला.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

जमलं! 'नोंद' नावाची माझी स्वतःची कमांड तयार झाली. ज्यांचे अंगठे लागत नाहीत त्यांचा कार्ड नंबर मी हाताने टाकायचा, वेळ आपोआप पडते. पाच वेळा चुकली. एकदा तर सगळ्या फाइलीचा बट्ट्याबोळ झाला आणि काकांनी दुकानातल्या दोन पोरांसमोर मला झापलं. "इथे 'खरंच पुसू का' म्हणून कुणी विचारत नाही. मार म्हटलंस की मारतं. काय मरणार ते आधी बघ."

सुकाचा नंबर ४१७. आज त्याला रांगेबाहेर बोलावून नोंद टाकली. ओठावर खपली धरलीय. म्हणाला, "बाय, तुमी हे बरं केलं."

१२ फेब्रुवारी, सोमवार

आज कमांड नाही. तरी लिहिते.

दहा वीसला झालं. आधी जमीन हलली, मग आवाज. काच फुटून माझ्या अंगावर आली. धुरात काही दिसत नव्हतं, डोळ्यांत मिरची टाकावी तशी आग. मी टेबलाखाली होते. बाहेर माणसं ओरडत होती आणि त्यातला एक आवाज माणसाचा वाटत नव्हता.

बाहेर आले तेव्हा एक जण प्लँटकडून चालत येत होता. पळत नव्हता, चालत. दोन्ही हात पुढे धरलेले आणि हातांची कातडी मनगटाखाली लोंबत होती. मला वाटलं त्याने फाटके मोजे घातलेत. तो माझ्यासमोर आला, "पानी" म्हणाला, आणि पडला. फायरवाल्याने त्याच्यावर पाणी सोडलं तसा तो किंचाळला आणि मग गप्प झाला.

रिॲक्टर फुटलाय, त्याच्या शेडचं छप्पर नाहीसं झालंय. भिंतीला काय चिकटलंय ते मी पाहिलं आणि पाहायला नको होतं.

भावेश ठीक आहे. ऑफिसच्या बाजूला होता. देवाची कृपा. घरी, पालघरजवळच्या माहीमला पोचले तर आई दारातच उभी होती. म्हणाली, "आवाज आमी हितं म्हायमात आयकला. मना वाटलं तू गेली." तिने माझ्या केसांतल्या काचा निवडल्या.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

कंपनीने चार जण गेले म्हणून सांगितलं. चारही कायम कामगार, नावं फलकावर लागली.

कुंदन सर सकाळीच ऑफिसात आले. दाढी वाढलेली, सारखे घाम पुसत होते. पाच कार्ड नंबर लिहिलेला कागद दिला. "या चुकीच्या नोंदी आहेत. ही कंत्राटी माणसं शनिवारपासून रजेवर गेलीत, भलत्याच कुणीतरी त्यांच्या नावावर अंगठे लावले. उद्या चौकशीवाले येतील, त्याआधी यादी साफ पाहिजे." त्यात ४१७ होता. मी म्हटलं, सर, हा तर मी स्वतः टाकल्यासारखं आठवतंय. सरांनी भावेशला बोलावलं. भावेश म्हणाला, "सुका गावाला गेलाय, मेव्हण्याचं लग्न आहे. तुला शुक्रवारचं आठवत असेल." असेलही. सकाळच्या त्या वेळात तीनशे माणसं आत जातात.

ओळी कशा काढायच्या ते मला नीट येत नव्हतं. काकांना फोन केला. "ग्रेपने त्या ओळी शोधून आधी बघ, सेडने मग काढ. त्याआधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घे आणि संध्याकाळी मला आणून दे." मग विचारलं, "कुणाच्या ओळी आहेत?" मी म्हटलं, चुकीच्या नोंदी. ते म्हणाले, "पेनड्राइव्ह विसरू नको."

बारा दहाला कमांड मारली. पाच ओळी एका फटक्यात गेल्या. पहिल्याच वेळी चूक न होता जमलं, याचा मला जरा आनंदही झाला. संध्याकाळी पेनड्राइव्ह काकांना देऊन आले. त्यांना सगळं तपासून बघायची खोडच आहे.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

गेटवर पाड्यावरची साठेक माणसं आली. पुढे एक बाई, नवसी. सुकाची बायको. ओरडत होती, "माजा नवरा सोमवारी पहाटं डबा घेऊन आला. कुटं हाय तो? मेला आसंल तर मढा द्या!"

गेट उघडत नाही म्हटल्यावर दगड सुरू झाले. मग आतून कंत्राटदाराची माणसं सळया घेऊन बाहेर पडली. मी खिडकीतून पाहत होते. काच नाही, सगळं ऐकू येतं. सळई हाडावर बसली की कसा आवाज येतो ते मला आज कळलं. एका म्हाताऱ्याचा गुडघा उलटा वळला. नवसीच्या कपाळावर बसली, रक्त डोळ्यांत गेलं तरी ती गेटचे गज सोडेना. तिची बोटं सोडवायला त्यांनी बोटांवर मारलं.

पोलीस आले, पांगापांग झाली. हवालदार नवसीला घेऊन टाइम ऑफिसात आला. "मॅडम, सोमवारची हजेरी काढा." मी काढली. यादी माझ्या प्रोग्रामने दोन सेकंदांत दिली. मी वाचलं, "चारशे सतरा, गैरहजर."

हवालदार म्हणाला, "बघ बाई, कॉम्प्युटर सांगतोय." नवसी कॉम्प्युटरकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. रक्त टेबलावर टपकत होतं.

मेव्हण्याच्या लग्नाचं तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांकडे गेले. त्यांनी मूळ फाइल उघडली आणि ग्रेप चालवलं. ४१७, बारा फेब्रुवारी, आत सहा बावन्न. बाहेर काही नाही. बाकी चौघांचंही तसंच. आत, आत, आत, आत. बाहेर नाही.

पडद्यावर बोट ठेवून मी पाचही ओळी पुन्हा वाचल्या.

काका म्हणाले, "चौकशीच्या साहेबांना नेऊन दे. मी येतो बरोबर." मी म्हटलं दोन दिवस द्या. नोकरी, लग्न, घरी आई एकटी. काका म्हणाले, "पाच माणसं त्या शेडमध्ये पडलीत, जागृती. राख गोळा करून टाकून देतील."

उद्या भावेशला विचारते. त्यालाही सरांनी फसवलं असणार.

१७ फेब्रुवारी, शनिवार

भावेशबरोबर केळव्याला गेले. सुरूच्या बनात बसून सगळं सांगितलं. वाटलं होतं चिडेल. अजिबात नाही. शांतपणे ऐकून घेतलं, माझा हात हातात धरला. म्हणाला, "बरं केलंस मला सांगितलंस. सरांनी मलाही अंधारात ठेवलं. सोमवारी दोघं मिळून जाऊ." मग विचारलं, पेनड्राइव्ह कुठेय, घरी ठेवू नको. मी म्हटलं, काकांकडेच आहे, दुकानातल्या खणात, त्यांच्या कॉम्प्युटरातही आहे. म्हणाला, "मग काळजी नाही."

केवढं ओझं उतरलं. जवळच्या माणसापासून काही लपवू नये हेच खरं.

१८ फेब्रुवारी, रविवार

काकांना मारलं.

दुपारी दुकानाचं शटर आतून ओढून चौघांनी मारलं. लोखंडी पाइपने. शेजारच्या सलूनवाल्याला वाटलं दुरुस्तीची ठोकाठोक चाललीय. त्यानेच नंतर शटर वर केलं. काका कॉम्प्युटरच्या पत्र्यांत पडले होते. जबडा मोडलाय. उजव्या हाताची सगळी बोटं ऐरणीवर ठेवून ठेचल्यासारखी. कॉम्प्युटरांचा भुगा, खण रिकामे.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा चेहऱ्यावर नुसती पट्टी, नाकाच्या जागी भोक. रक्ताचा आणि औषधाचा वास. काकांच्या पायाला हात लावून बसले.

भावेशला तिथूनच, दुपारी चारला फोन केला, रडतच. तो म्हणाला, "बोईसरमध्ये चोर माजलेत. तू रडू नको. म्हाताऱ्याचा उजवा डोळाच गेला म्हणजे आता दुकान कसलं चालवतोय." खूप वेळ समजावत होता. म्हणाला, पेनड्राइव्ह गेला तर गेला, देवाच्या मनात नसेल.

संध्याकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. उजवा डोळा वाचत नाही म्हणाले.

१९ फेब्रुवारी, सोमवार

कामावर गेले नाही. सकाळपासून एकच गोष्ट डोक्यात.

उजवा डोळा गेल्याचं डॉक्टरांनी संध्याकाळी सांगितलं. भावेशने दुपारी.

मी कालचं पान पुन्हा वाचलं. मग परवाचं. मग पाच तारखेचं, हेल्मेटचं. "तोही खरं तर दमतो." हे माझंच अक्षर आहे.

काकांना मी मारलंय. पाइप दुसऱ्यांच्या हातात होते, पण पत्ता मी दिला.

२१ फेब्रुवारी, बुधवार

काकांचा जबडा तारेने बांधलाय. दातांतून बोलतात. मी सगळं सांगितलं, कोणामुळे झालं तेही. त्यांनी उरलेला डोळा मिटला. मला वाटलं आता जा म्हणतील.

म्हणाले, "गेटवरची यंत्रं. त्यांच्या पोटात वेगळी नोंद असते."

मला सुचलंच नव्हतं. चौघांचे अंगठे यंत्रांत अजून आहेत! पण सुकाचा अंगठा तर कधी लागलाच नाही. त्याची नोंद फक्त मी टाकलेली, आणि मीच पुसलेली.

"हिस्टरी," काका म्हणाले. लाळ गळत होती, मी पुसली. "तू काय काय टाइप केलं, तो कॉम्प्युटर लिहून ठेवतो. वेळेसकट. मीच तुला पहिल्या दिवशी सेटिंग करायला लावलं. काय करायचं ते मॅनमध्ये वाच."

या अवस्थेतही मॅन वाच म्हणाले. मी हसले आणि मग रडले.

घरी येताना लक्षात आलं. त्या यादीत 'नोंद ४१७' असेल, सहा बावन्नची. आणि खाली दुसऱ्या दिवसाची, बारा दहाची, पुसायची ओळही असेल. दोन्ही माझ्याच नावावर. एक दाखवायची तर दुसरी दाखवावी लागणार. फक्त वरची ओळ कापून घेता येईल, ते मला आता येतं. वाटेत तोच विचार केला, खोटं कशाला लिहू.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

डाव्या कानाने ऐकू येत नाही. आई शेकतेय.

जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिस रिकामं असतं. मी दोन्ही यंत्रांची नोंद उतरवून घेतली. मग हिस्टरी. काही कापलं नाही. सगळं छापून कागद सलवारीच्या नाडीत खोचले, तेवढ्यात भावेश दारात.

"काय छापलंस?"

मी म्हटलं, पगाराची यादी. त्याने पडद्याकडे पाहिलं. हिस्टरी तशीच समोर होती. दार लावून घेतलं आणि माझी वेणी धरून तोंड टेबलावर आपटलं. एकदा, दोनदा. मग कानाखाली. कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं. तो ओरडत नव्हता. केळव्याला बोलला तसाच हळू बोलत होता. "तुला घर देणार होतो मी. एका आदिवाशासाठी? काढ कागद."

त्याने गळा धरला. माझ्या हाताला भिंतीवरचा लाल सिलिंडर लागला, आगीसाठी ठेवतात तो. उपसला आणि त्याच्या तोंडावर मारला. दात तुटल्याचा आवाज आला. तो गुडघ्यांवर बसला. मी पुन्हा मारला, खांद्यावर. तो आडवा झाला, तरी तिसऱ्यांदा उचलला होता. दारात कॅन्टीनवाली अर्चना उभी होती. ती ओरडली, "बस कर, मरेल तो!"

तिची ओरड ऐकली नसती तर मारला असता. त्या क्षणी मला भीती वाटत नव्हती. बरं वाटत होतं. हे कुणाला सांगणार नाही, इथेच लिहिते.

अर्चनाने मला भाजीच्या टेम्पोत बसवून गेटबाहेर काढलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

आईबरोबर पालघरला चौकशीच्या साहेबांकडे गेले. सुजलेलं तोंड पाहून त्यांनी आधी पाणी दिलं. कागद एकेक वाचले. बारा दहाच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही कुणी चालवली?"

"मी."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुंदन सरांच्या. पण टाइप मी केलं. आणि ४१७ मला आठवत होता."

"हे लिहून दिलंत तर तुमच्यावरही गुन्हा लागेल. कळतंय ना?"

आईने माझ्याकडे पाहिलं. तिला कॉम्प्युटरातलं काही कळत नाही. म्हणाली, "लिव पोरी. सगला लिव."

दोन तास लिहीत होते.

२६ फेब्रुवारी, सोमवार

शेडचा ढिगारा काल पोलिसांसमोर उपसला. पाच जणांचं जे मिळालं ते डब्यांत भरून तपासायला नेलं. कुंदन सरांना घरातून उचललं. भावेश दवाखान्यात आहे, दाराशी पोलीस. माझ्या नावावरही गुन्हा आहे, बोलावतील तेव्हा हजर राहायचं. कामावरून काढल्याचं पत्र आलं.

काकांना सांगितलं. त्यांनी ठेचलेला हात जरा वर केला आणि खाली ठेवला.

२८ फेब्रुवारी, बुधवार

वाघोबा खिंडीपलीकडे नवसीचा पाडा. एकटीच गेले.

ती अंगणात होती. कपाळाला टाके, बोटांना चिंध्या बांधलेल्या. माणसं जमली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. सुका त्या दिवशी आला होता. मी त्याला आत घेतलं. दुसऱ्या दिवशी मी त्याची ओळ पुसली आणि तुझ्यासमोर गैरहजर म्हणून वाचलं.

तिने मारलं. चिंध्या बांधलेल्या हाताने, पूर्ण ताकदीने, त्याच कानावर. मी पडले. तिने केस धरून उठवलं आणि पुन्हा मारलं. तिच्या बोटांतून रक्त यायला लागलं. कुणी मधे पडलं नाही, मीही हात वर केला नाही. मग तिचा दम संपला. ती खाली बसली, मी खालीच होते.

बऱ्याच वेळाने म्हणाली, "सकाली काय बोलला तो? तुज्यासंगं बोलला आसंल ना?"

मला आठवत होतं. गेले पंधरा दिवस तेच आठवत होतं. सांगितलं. "म्हणाला, बाय, आज जरा लवकर सोडा म्हनावं. वाल तयार झालाय, काढायचा हाय."

ती ऐकत राहिली. मग उठली, घरामागच्या तुकड्यात गेली आणि वाल उपटायला लागली. शेंगा वाळून तडकल्या होत्या, हात लागला की दाणे उडत होते. मी मागून गेले आणि एका वेलाला हात घातला.

"तू हात नको लावू," ती म्हणाली.

मी बांधावर जाऊन उभी राहिले. तिने पूर्ण तुकडा एकटीने काढला. ऊन उतरेपर्यंत चाललं होतं. जा असं ती म्हणाली नाही, म्हणून मी गेले नाही.